लेकीकडे, अंधाराच्या महिन्यात

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डोंबिवलीत संध्याकाळी पाचचा चहा गॅसवर चढतो, तेव्हा आइसलँडमध्ये सूर्य उगवत असतो. तिथल्या घड्याळात सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. आपण रात्री नऊला जेवणाची ताटं उचलतो तोवर तो मावळलेलाही असतो. आपल्या चहापासून आपल्या जेवणापर्यंत, एवढाच त्यांचा दिवस. लेक रेक्याविकला राहायला गेली त्या वर्षापासून साडेपाच तासांचा हा हिशेब मी रोज करत होते. पण त्याचा अर्थ कळला तो तिच्या स्वयंपाकघरात सकाळी दहाला दिवा लावून पोहे परतताना. खिडकीबाहेर मध्यरात्रीसारखा काळोख होता आणि नात शाळेत जाऊन तासभर झाला होता.

मुलं नोकरीनिमित्त कुठे कुठे जाऊन राहतात. ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत दर दोन इमारतींमागे एखादं तरी घर असं असतं, जिथल्या आजी-आजोबांची बॅग कपाटावर अर्धी भरलेली असते. अमेरिकेला किंवा सिंगापूरला जाणाऱ्याला शेजारीपाजारी माहिती देणारे दहाजण भेटतात. अटलांटिकमधल्या ज्वालामुखीच्या बेटावर जाणाऱ्याला कोणी भेटत नाही. आमच्या दोन हिवाळी मुक्कामांनंतर ओळखीतल्या तिघा-चौघांनी बसवून घेऊन विचारलं, म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे.

पहिली गोष्ट, कधी जावं. सगळे सांगतील, उन्हाळ्यात जा. रात्र होत नाही, रस्ते मोकळे असतात, धबधबे दिसतात. ते खरं आहे. तरीही तब्येत धड असेल तर पहिली फेरी डिसेंबरातच करा, असं मी म्हणेन. बघण्यासारखं उन्हाळ्यात जास्त असतं, पण तुमची गरज डिसेंबरात जास्त असते. त्या काळोखात मुलं सकाळी उठतात, कामाला जातात, परत येतात तेव्हा पुन्हा काळोखच असतो. अशा वेळी दार उघडल्यावर फोडणीचा वास आला तर काय होतं, हे मी लेकीच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. म्हणून जाताना सहलीचा आराखडा आखू नका. त्या घरात महिनाभर राहायचं आहे, असं धरून तयारी करा.

ती तयारी गणपतीच्या आधी सुरू करावी आणि अर्ज नवरात्रापर्यंत गेलेला असावा. आइसलँड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन गटात २००१ पासून आहे, म्हणून शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. नाताळाच्या तोंडावर गर्दी असते, तेव्हा पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. प्रौढांसाठी फी ९० युरो, शिवाय अर्ज केंद्राचा आकार वेगळा. विमान फ्रँकफर्टमार्गे जात असलं तरी अर्ज जर्मनीकडे करायचा नाही. मुक्काम जिथे सगळ्यात जास्त, त्या देशाकडे करायचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. विम्याच्या अर्जात रक्तदाब, साखर, जुनी अँजिओप्लास्टी, जे असेल ते सगळं लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलेल्या आजाराचं बिल विमा कंपनी भरत नाही आणि तिथल्या रुग्णालयातला परदेशी माणसाचा खर्च मुलांच्या डोक्यावर बसतो.

मुलांकडून आमंत्रणाचं पत्र, त्यांच्या राहण्याच्या परवान्याची प्रत आणि केन्निताला हा तिथला ओळख क्रमांक घ्या. खर्च कोण करणार, हे पत्रात स्पष्ट असू द्या. तो मुलं करणार असली तरी आपली बँकेची विवरणं, पेन्शनचे कागद, आयकर विवरणपत्रं आणि राहत्या घराचा पुरावा जोडावा. परत येण्यासारखं तुमचं इथे काही आहे, हे त्यांना दिसायला हवं असतं. अर्जाच्या आठवड्यात कोणाकडून तरी मोठी रक्कम आणून खात्यात टाकण्याचा सल्ला मिळेल. ते करू नका. विवरणात ती रक्कम लगेच उठून दिसते आणि नसलेली शंका तयार होते.

नातं सिद्ध करण्याच्या कागदावर आमचे दोन आठवडे गेले. लेकीचा जन्मदाखला पेटीतून काढला तर नावाच्या रकान्यात नुसती रेघ. नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि नंतर नाव घालून घ्यायला आम्ही गेलोच नव्हतो. त्या काळातल्या कितीतरी दाखल्यांवर अशीच रेघ किंवा नुसतं ‘मुलगी’ असतं. तुमच्याकडचा दाखला आजच काढून बघा. नाव घालून घ्यायचं तर महापालिकेत वेळ लागतो. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं. तोवरचा सोपा आधार म्हणजे मुलाच्या किंवा मुलीच्या भारतीय पासपोर्टचं शेवटचं पान. त्यावर आईवडिलांची नावं छापलेली असतात. तुमच्या पासपोर्टवरचं स्पेलिंग त्याच्याशी अक्षरशः जुळतं का, ते ताडून पाहा. आमच्या यांच्या नावात एक ‘ए’ जास्त होता आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

मुंबईहून केफ्लाविकला थेट विमान नाही, मध्ये एकदा बदलावं लागतं. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तरी आधी ट्रान्झिट व्हिसाची चौकशी करा, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम, कोपनहेगन असा मार्ग सोपा पडतो. मात्र लक्षात ठेवा, इमिग्रेशनची खिडकी त्या मधल्या विमानतळावरच लागते. पुढे केफ्लाविकला आपण देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडतो. त्यामुळे आमंत्रणपत्र, विमा, परतीचं तिकीट, मुलांचा पत्ता हे सगळं हातातल्या पिशवीत असू द्या. चेक-इन केलेल्या बॅगेत गेलं तर ते त्या खिडकीवर उपयोगी पडणार नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो, म्हणून दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेवा. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, त्यात संकोच नको. आणि डोंबिवलीहून निघताना कटई नाका, शिळफाटा डोक्यात धरून, मुलगा म्हणेल त्याच्या तासभर आधी निघा.

(कल्याण कॅम्पातल्या, म्हणजे आजच्या उल्हासनगरातल्या, काही सिंधी घरांचे आप्त पिढ्यानपिढ्या कॅनरी बेटांवर व्यापार करतात. तीही अटलांटिकमधली ज्वालामुखीचीच बेटं, पण स्पेनची आणि ऊबदार. तिकडे जाणाऱ्यांना कागदांचा हा भाग तसाच लागू पडेल. पुढचा कपड्यांचा सोडून द्यावा.)

रेक्याविकची थंडी आपण समजतो तशी नसते. उत्तर अटलांटिकच्या कोमट प्रवाहामुळे डिसेंबरात पारा शून्याच्या आसपास घुटमळतो, थोडा वर, थोडा खाली. अवघड आहे तो वारा. महाबळेश्वरला घातलेला जाड स्वेटर तिथे जाळीसारखा वाटतो, कारण वारा लोकरीतून आरपार जातो. अंगाला लागून मेरिनो लोकरीचं पातळ थर्मल, त्यावर स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं लांब जाकीट, असे तीन थर हवेत. थर्मल इथून घ्या, जाकीट मुलांना तिथे विचारून घ्या. छत्री नेऊ नका, वारा तिची पहिल्याच दिवशी काडी करतो. साडी नेसायची असेल तर खाली थर्मलची विजार आणि घोट्याच्या वरचे बूट चालतात. मी नाताळच्या जेवणाला नऊवारी नेसून गेले होते, बाहेर एकदाही थंडी वाजली नाही.

पण एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर ती बुटाला लावायच्या खिळ्यांची जोडी असू द्या. तिथे त्यांना मानब्रोद्दार म्हणतात. रबराचा पट्टा आणि त्याला खालून लोखंडी टोकं, बुटावर ओढून बसवायचे. बर्फ पडतो, दुपारी जरा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी फुटपाथवर काचेचा थर तयार होतो. त्यावर पाण्याचा हात फिरला की तो दिसतसुद्धा नाही. पहिल्या वर्षी आमचे हे दारातून चार पावलं गेले आणि बसले. हाड वाचलं, पण आठ दिवस पाठ धरली. साठीनंतरच्या माणसाचा मुक्काम तिथे थंडीने बिघडत नाही, पडल्याने बिघडतो. पावलं छोटी टाका, पूर्ण तळवा टेकवा, हात खिशात घालू नका. शहराच्या मध्यात लॉइगावेगुर हा दुकानांचा रस्ता आहे. घरांना तापवून परत येणारं कोमट पाणी तिथल्या फुटपाथखालच्या नळ्यांमधून सोडलेलं असतं, त्यामुळे बर्फ टिकत नाही. फिरायला तिथे जा. आणि जाकिटाला परावर्तक पट्टी अडकवा. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे ती लावतात, कारण दुपारी चारलाही गाडीवाल्याला माणूस दिसत नाही.

आता काळोखाबद्दल. २१ डिसेंबरच्या सुमारास रेक्याविकमध्ये सूर्य चार तासांच्या किंचित वर असतो आणि तोही वर चढत नाही. हात लांब करून दोन बोटं आडवी धरा. भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून तेवढाच वर असतो. ढग असतील तर तोही नाही. पहिल्या आठवड्यात मी दुपारी सूर्य मावळला की आडवी व्हायचे, सहाला उठायचे आणि मग रात्री दोनपर्यंत छताकडे बघत बसायचे. डोकं जड, जेवणावरून मन उडालेलं, विनाकारण रडू यायचं. शेवटी लेकीने नियम घालून दिला आणि तो मी सगळ्यांना सांगते. सकाळी आठला घरातले सगळे दिवे लावायचे. साडेअकरा ते अडीच या वेळात, ढग असोत की नसोत, पाऊण तास घराबाहेर काढायचा. दुपारी झोपायचं नाही. पाय दुखले तर खुर्चीत बसायचं. डोंबिवलीच्या फोनांची वेळ तिथल्या सकाळी ठरवून टाकायची, नाहीतर भिशीचे आणि भावकीचे फोन तुमच्या पहाटे येत राहतात. ड जीवनसत्त्वाबद्दल निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. तिथली माणसं लीसी नावाचं माशाच्या यकृताचं तेल घेतात, शाकाहाऱ्यांनी गोळ्या इथूनच न्याव्यात. रोजची औषधं मूळ पट्ट्यांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मुक्कामापेक्षा पंधरा दिवसांची जास्त घ्या. वादळात विमानं अडकतात.

नव्या घरात पहिली आंघोळ करताना कुजक्या अंड्याचा वास येईल. गटार तुंबलेलं नाही. नळाचं गरम पाणी जमिनीच्या पोटातून येतं आणि त्यात गंधकाचा अंश असतो. देशातली दहातली नऊ घरं याच उष्णतेवर ऊबदार राहतात, म्हणून बाहेर वादळ असलं तरी घरात तुम्ही सुती साडीत वावराल. दोन-तीन दिवसांत वास जाणवेनासा होतो. काळजी दोन गोष्टींची घ्यायची. हे पाणी नळातूनच भाजण्याइतकं कढत येऊ शकतं, तेव्हा आधी गार, मग गरम. आणि चांदी. आठवड्याभरात माझी पायातली जोडवी शिसवीसारखी काळी झाली. मी घाबरून लेकीला दाखवली, ती म्हणाली, ‘आई, इथे सगळ्यांचीच होतात.’ चांदीचं निरांजन, बाळकृष्ण, पैंजण गरम पाण्याखाली धरू नका. गार पाणी आणि दंतमंजन पुरे. प्यायला आणि स्वयंपाकाला गार नळाचंच पाणी घ्या. ते झऱ्याचं असतं, गाळायची गरज नाही.

फोडणी देताना वरचा पंखा आधी लावा. धुराचा भोंगा स्वयंपाकघरातल्या मोहरीलाही वाजतो आणि उदबत्तीलाही. देवापुढे निरांजन ठेवा, उदबत्ती नको.

खायचे पदार्थ नेताना एक कडक नियम आहे: मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपच्या बाहेरून नेता येत नाहीत. मधल्या विमानतळावरही ते अडवतात. म्हणजे तूप, खवा, पेढे, बर्फी, चक्का, दूध पावडर बाद. तुपातले लाडूही मी नेत नाही, वाद कशाला. ताज्या भाज्या, फळं, कढीपत्त्याचं रोप यांनाही हात लावू नका. न्यायचं ते थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आमसुलं, लसणाची कोरडी चटणी, पोह्याचे पापड, वाळवलेला कढीपत्ता आणि तिळगूळ. तीन किलोपर्यंतचं खाणं जकातीशिवाय चालतं. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहा.

तूप नेता येत नाही याचं दुःख करू नका. तिथलं लोणी उत्तम आहे. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर कढवलं की गावाकडच्यासारखं रवाळ तूप होतं. आणि स्कीर. सायीशिवायच्या दुधाचा, विरजून गाळलेला घट्ट पदार्थ, हजार वर्षांपासून ते खातात. पहिला चमचा तोंडात घातला आणि मी म्हटलं, हा तर चक्का! टांगायची पिशवी नको की रात्रभराची वाट नको. साधं, विनास्वादाचं स्कीर, पिठीसाखर, वेलची, जायफळ, थोडी साय घालून फेटलं की श्रीखंड तयार. घरात मासे खात असाल तर वाळवलेला कॉड लोणी लावून खातात तो चाखा. सुक्या बोंबलावर वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. राईच्या पिठाची तव्यावर भाजलेली काळपट भाकरी असते, तीही.

डिसेंबरच्या सुरुवातीला पोहोचलात तर लॉयफाब्रॉइद करायला कोणीतरी नक्की बोलावील. गव्हाची पातळ, कागदासारखी पोळी लाटायची, तिच्यावर पानांची नक्षी कापायची आणि तळायची. सगळं कुटुंब, आजीपासून नातवापर्यंत, एका टेबलाभोवती बसतं. लेकीच्या शेजारच्या बाईंनी डब्यातून पितळी चाकाचं एक कातणं काढलं. मी ते हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. करंजीचं कातणं, आमच्या सासूबाईंचं होतं तसंच, फक्त चाक थोडं जाड. भाषेचा एक शब्द येत नसताना मी त्या दुपारी चाळीस पोळ्या कापल्या. दुसऱ्या वर्षी डोंबिवलीहून आपलं कातणं आणि करंजीचा साचा घेऊन गेले. सारण सुक्या खोबऱ्याचं आणि खसखशीचं केलं. तुम्हीही न्या, चेक-इनच्या बॅगेत.

तिथला नाताळ नीट समजून घेतला तर तुमची अडचण होणार नाही. १२ डिसेंबरपासून रोज रात्री एक, असे तेरा खोडकर बुटके डोंगरातून येतात आणि मुलांनी खिडकीत ठेवलेल्या बुटात खाऊ टाकतात. नातवंडांच्या बुटात एखाद्या रात्री तिळाची वडी जाऊ द्या. २३ तारखेला आंबवलेला स्केट मासा शिजवतात. त्याचा अमोनियासारखा वास जिन्यातून चढतो, तेव्हा खिडक्या लावा आणि कोणापुढे नाक मुरडू नका. आपल्या चाळीत सुकट भाजली जायची तेव्हा आपणही शेजाऱ्यांकडून हेच मागत होतो. मुख्य सण २४ ला संध्याकाळी सहाला सुरू होतो. रेडिओवर चर्चच्या घंटा वाजतात आणि त्या क्षणी सगळं शहर जेवायला बसतं. दुपारपासून दुकानं बंद, बसही नाही. दूध, भाजी, औषधं २३ पर्यंत आणून ठेवा आणि २४ च्या संध्याकाळी कोणाच्या घरी सहज म्हणून जाऊ नका.

त्या रात्री पुस्तकं भेट देतात. हे वाचकांना विशेष सांगावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात आयातीवर निर्बंध होते, कागद मात्र मिळत होता, म्हणून लोक एकमेकांना पुस्तकं देऊ लागले. १९४४ पासून नव्या पुस्तकांची यादी छापून घरोघर पाठवण्याची पद्धत पडली. ती यादी घरात पडलेली पाहिली आणि मला दिवाळी अंक आठवले. आपल्याकडे ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली सुरू केलेली गोष्ट, सण आला की वाचायला नवं हवं. नातवंडांसाठी मराठी पुस्तकं न्या. वजनाला जड पडतात, तरी न्या. मी चित्रांची सहा पुस्तकं नेली आणि एक दिवाळी अंक लेकीसाठी. जेवणानंतर सगळे दिवे मंद करून जो तो आपलं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसला. नात माझ्या मांडीवर, बोटाने ओळ धरून, ‘म’ ओळखत होती.

३१ ला चौकाचौकांत मोठ्या होळ्या पेटतात आणि मध्यरात्री फटाके. ते फटाके तिथली स्वयंसेवी बचाव पथकं विकतात आणि त्या पैशावर वर्षभर वादळात अडकलेल्यांना सोडवायला जातात, म्हणून मुलांना विकत घेऊ द्या. आवाज फार असतो. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी काचेआडून पाहावं, आणि बाहेर जाणाऱ्यांनी डोळ्यांवर चष्मा लावावा.

पोहण्याच्या तलावाला नाही म्हणू नका. प्रत्येक वस्तीत उघड्यावरचा गरम पाण्याचा तलाव असतो, शेजारी ३८ पासून ४४ अंशांपर्यंतची छोटी कुंडं. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला यात नवल नसावं. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला तानसेच्या काठी आपण हेच करत आलो. फरक एवढा की आपला दख्खनचा ज्वालामुखी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी निवला आणि मलंगगडाचा काळा कातळ मागे ठेवून गेला, तर त्यांचा अजून चालू आहे. अडचण वेगळीच आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी कपडे पूर्ण उतरवून, साबणाने अंघोळ करावीच लागते, बायकांच्या खोलीत बायकांसमोर. पाण्यात क्लोरीन अगदी कमी घालतात, म्हणून हा नियम ते सोडत नाहीत. मला पहिल्या दिवशी जमलं नाही, मी परत आले. मग कळलं की बऱ्याच ठिकाणी पडदा किंवा आडोशाचा एक कप्पा असतो. लेकीला आधी चौकशी करायला सांगितली आणि गेले. तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. डोक्यावर बर्फ पडतोय, गळ्यापर्यंत ऊन पाणी, शेजारी ऐंशी वर्षांच्या आजी गप्पा मारताहेत. माझ्या गुडघ्यांना इतका आराम कशानेच पडला नव्हता. रक्तदाब असेल तर ३८ च्या कुंडात दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि उठताना कठडा धरून.

ज्वालामुखीची भीती इथले नातेवाईक सगळ्यात आधी घालतात. नेमकं असं आहे: रेक्यानेस द्वीपकल्पावर ग्रिंडाविक हे मासेमारीचं गाव १० नोव्हेंबर २०२३ ला रिकामं केलं गेलं, १८ डिसेंबरला जवळच जमिनीला भेग पडून लाव्हा आला आणि तिथून २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत त्या भागात नऊ उद्रेक झाले. रेक्याविक त्या लाव्हाच्या वाटेवर नाही. २०१० साली एयाफ्यालायोकुल फुटला तेव्हा राखेने युरोपची विमानं थांबली होती. या भेगांतून मात्र मुख्यतः लाव्हाच वाहतो, राख थोडी, त्यामुळे विमानतळ चालू राहतो. उद्रेक असला तर रस्ते कोणते बंद, वायू कुठल्या दिशेला, एवढं मुलांना विचारायचं. कुतूहल म्हणून तिकडे गाडी काढायला लावू नका.

रोजचा धोका वादळाचा. हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. नारिंगी असेल तर बेत रद्द, मुलांनी कितीही उत्साह दाखवला तरी. गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी घट्ट धरा. वारा ते बिजागरीपासून उलटं फिरवतो. रेयनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर गेलात तर पाण्याकडे पाठ करू नका, अचानक आलेल्या लाटेने तिथे माणसं ओढून नेली आहेत. अडचणीत ११२ लावा, इंग्रजी चालतं. ध्रुवीय प्रकाशासाठी रात्री-अपरात्री मुलांना उठवून शहराबाहेर नेऊ नका. आम्हाला तो पहिल्या वर्षी दिसलाच नाही. दुसऱ्या वर्षी कचरा टाकायला गेलेल्या जावयांनी हाक मारली आणि आम्ही चपलांवर धावलो.

घरातल्या दोन गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. तान्ह्या बाळांना तिथे हिवाळ्यातही बाबागाडीत गुंडाळून घराबाहेर झोपवतात, पाळणाघरातसुद्धा. मी पाहिलं तेव्हा काळजात चर्र झालं, पण लेक म्हणाली तसं पाच मिनिटं थांबले; बाळ लोकरीत गुलाबी होऊन गाढ झोपलं होतं. तेव्हा आरडाओरडा नको, विचारा. आणि तिथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, शिक्षकांनाही आणि डॉक्टरांनाही. आडनावाच्या जागी वडिलांचं किंवा आईचं नाव लावतात. शेजारच्या पोराने मला माझ्या नावाने हाक मारली, तो अपमान नव्हता.

जमलं तर मुक्काम संक्रांतीपर्यंत ठेवा. १४ जानेवारीला दिवस पाच तासांच्या पुढे गेलेला असतो आणि घरातल्या सगळ्यांना तो फरक जाणवायला लागतो. त्या दिवशी आम्ही शेजाऱ्यांना बोलावलं. काळे कपडे घालून या, असं सांगावं लागलं नाही, तिथे हिवाळ्यात सगळे काळंच घालतात. लेकीने तिळगुळाचा अर्थ सांगितला, सूर्य परतला म्हणून. एक आजोबा वडी हातात धरून खिडकीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी आणखी एक मागितली.

परतीची विमानं बहुधा सकाळी लवकर सुटतात. केफ्लाविक शहरापासून पन्नास किलोमीटरवर, म्हणजे पहाटे चारला निघणं आलं. मुलांना कामाच्या दिवशी त्या बर्फातून गाडी काढायला लावण्यापेक्षा विमानतळाच्या बसचं तिकीट आदल्या दिवशी काढा आणि निरोप घरातच घ्या. थर्मल, जाकीट आणि खिळ्यांची जोडी एका पिशवीत बांधून, तुमचं नाव लिहून, त्यांच्या माळ्यावर ठेवून या. रिकाम्या जागेत लोण्याचे चार पुडे भरा. डोंबिवलीत पोहोचल्यावर तूप कढवायचं आहे.